मार्टिनी रायफलीचे उत्तरायुष्य

काडतूस हा शब्द उच्चारला की आपल्या मनापुढे १८५७ साल उभे राहते. १८५३ च्या नमुन्याची ती एनफील्ड बंदूक, कागदात गुंडाळलेली दारू व गोळी, त्या कागदाला लावलेली चरबी आणि तो कागद दातांनी फोडण्याची कवायत, ही हकीकत शाळकरी मुलांनाही पाठ असते. परंतु त्याच १८५७ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी स्मिथ आणि वेसन या दोघा भागीदारांनी धातूचे एक चिमुकले काडतूस बाजारात आणले, हे सहसा कोणाच्या लक्षात नसते. त्याचा व्यास इंचाच्या पावभागाहूनही थोडा कमी, म्हणजे ०.२२ इंच होता. त्याला कागद नव्हता, चरबी नव्हती, आणि ते दातांनी फोडावयाचेही नव्हते. एका काडतुसाने साम्राज्य हादरवले. दुसरे पुढे त्याच साम्राज्याच्या शाळांतून व क्लबांतून मुलांचे नेम सुधारीत राहिले. या दोन काडतुसांच्या मधल्या काळात जन्मलेल्या, आणि म्हातारपणी दुसऱ्या काडतुसाचा संसार पत्करलेल्या एका रायफलीची कथा आज सांगावयाची आहे.

प्रथम या चिमुकल्या काडतुसाचे मर्म पाहू. आपल्याकडील ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू ठासली जाई, आणि ती पेटविण्यासाठी जो ज्वालाग्राही पदार्थ वापरीत त्याला रंजक म्हणत. धातूच्या काडतुसात गोळी, दारू आणि रंजक एकाच टोपणात बंद झाली. प्रश्न उरला तो रंजक कोठे ठेवावयाचे, एवढाच. एक मार्ग असा की, काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी लहानशी टोपी बसवावी आणि बंदुकीतील खिळीने नेमका मध्यावर आघात करावा. हे मध्याघाती, म्हणजे सेंटरफायर काडतूस. दुसरा मार्ग असा की, बुडाभोवतीची कड आतून पोकळ ठेवून तीतच रंजक पसरावे आणि खिळीने ती कड चेपावी. हे किनाराघाती, म्हणजे रिमफायर काडतूस. या दुसऱ्या जातीचे मूळ पॅरिसच्या फ्लोबेर या कारागिराच्या १८४५ च्या सुमाराच्या प्रयोगांत आहे. दिवाणखान्यात बसून नेमबाजीची करमणूक करता यावी, एवढाच त्या प्रयोगांचा हेतू होता.

किनाराघाती काडतुसाची कड खिळीच्या आघाताने चेपली गेली पाहिजे. म्हणून तिचा पत्रा पातळच ठेवावा लागतो, आणि पातळ पत्र्याला दारूचा मोठा दाब सोसत नाही. त्यामुळे रणांगणावर ही जात फार काळ टिकली नाही. तिने लहानपणच पत्करले. पण त्या लहानपणातच तिचे भाग्य होते. हे काडतूस स्वस्त पडते, त्याचा आवाज माफक असतो, आणि खांद्याला धक्का जवळजवळ लागत नाही. १८८७ साली अमेरिकेच्या स्टीव्हन्स कंपनीने त्याचा ‘लाँग रायफल’ हा प्रकार काढला. नेमबाजी शिकणारा विद्यार्थी आजही बहुधा याच काडतुसाने श्रीगणेशा करतो.

आता रायफलीकडे वळू. मागून भरावयाच्या बंदुकींचे श्रेष्ठत्व युरोपातील युद्धांत सिद्ध झाले, तेव्हा इंग्रजांच्या कोठारांत लक्षावधी एनफील्ड बंदुका पडून होत्या. त्या मोडीत काढणे परवडणारे नव्हते. जेकब स्नायडर या अमेरिकन संशोधकाची युक्ती १८६६ साली स्वीकारली गेली. तिच्यानुसार जुन्या नळीचा मागील तुकडा कापून तेथे बिजागरीचे झाकण बसविण्यात आले, आणि ठासणीची बंदूक मागून भरणारी झाली. सत्तावनची ती कुप्रसिद्ध बंदूक अशा रीतीने नऊ वर्षांत नवा अवतार घेऊन पुन्हा सैनिकांच्या खांद्यावर आली.

ही सोय मात्र तात्पुरती होती. १८७१ साली मार्टिनी-हेन्री ही सर्वस्वी नवी रायफल लष्कराने स्वीकारली. तिच्या नावात दोघांची नावे असली तरी तिचे जनक तिघे होत. मागील बाजूस अडकविलेला ठोकळा पुढून खाली झुकवून नळीचे तोंड मोकळे करावे, ही मूळ कल्पना बॉस्टनच्या पीबॉडी यांची. बाहेरचा घोडा काढून टाकून आघाताची खिळी त्या ठोकळ्याच्या पोटातच बसविली ती स्वित्झर्लंडमधील फ्रीडरिख फॉन मार्टिनी यांनी. नळीच्या आतील पेचदार खाचा एडिनबरोचे बंदूककार अलेक्झांडर हेन्री यांच्या. चापाखालची तरफ खाली ओढावी, काडतूस सारावे, तरफ वर घ्यावी, की रायफल सज्ज. एका वेळी एकच बार. परंतु यंत्ररचना इतकी सुटसुटीत की बिघडण्यासारखे तिच्यात फारसे काही नव्हतेच. काडतुसांचे मात्र तसे नव्हते. पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली ती नळकांडी तापलेल्या नळीत अडकत, आणि १८८५ साली सुदानमधील अबू क्ली येथे ऐन लढाईत सैनिकांना त्याचा जाच झाला.

ही रायफल हिंदी शिपायाच्या हाती लगेच आली नाही. सत्तावनचा धडा घेतलेल्या राज्यकर्त्यांनी हिंदी पलटणींना एक पिढी जुने शस्त्र देण्याचे धोरण ठेवले होते. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंद येथे इंग्रजी फौजेचा मोठा पराभव झाला. त्या दिवशी ६६ व्या गोऱ्या पलटणीजवळ मार्टिनी-हेन्री होती. तिच्याच शेजारी लढणाऱ्या बाँबे ग्रेनेडियर्सच्या हाती मात्र रूपांतरित स्नायडर होती. शस्त्राचे रूपांतर ही केवळ काटकसरीची बाब नसते, आणि कोणावर किती विश्वास टाकावयाचा याचा हिशेबही त्यात मांडलेला असतो, हे मैवंदच्या रणांगणावर स्पष्ट दिसते.

मैवंदनंतर काबूलहून तीनशेहून अधिक मैलांची मजल मारून कंदाहारला पोहोचणारे सेनापती रॉबर्ट्स पुढे आपल्या कथेतही येतात. १८९९ साली दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले. त्या डिसेंबरात एकाच आठवड्यात तीन ठिकाणी इंग्रजांना हार खावी लागली. दुरून अचूक नेम धरणाऱ्या शेतकऱ्यांनी कवायती सैन्याला जेरीस आणले होते. आपल्या नागरिकांना नेम धरता येत नाही, ही जाणीव इंग्लंडला बोचू लागली. १९०१ साली कामगारांच्या रायफल क्लबांची संस्था निघाली, १९०३ मध्ये तिने ‘मिनिएचर रायफल क्लब’ हे नाव धारण केले, आणि लॉर्ड रॉबर्ट्स या चळवळीचे मोठे पुरस्कर्ते झाले. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये लहान व्यासाच्या रायफलींच्या स्पर्धाही झाल्या.

कामगाराने सराव करावयाचा तो कोणत्या शस्त्राने? मार्टिनी-हेन्रीची गोळी ४८० ग्रेन वजनाची. आपल्या तोळ्याचे ग्रेन १८०. म्हणजे ही गोळी अडीच तोळ्यांहून जड. तिला हजार यार्डांचे मैदान हवे, मागे मातीचा प्रचंड बांध हवा आणि खांदा दणकट हवा. गिरणीच्या आवारात किंवा शाळेच्या पटांगणात हे जमणार कसे? यावर मॉरिस नामक गृहस्थांची नळी १८८० च्या दशकापासून उपयोगात होती. मोठ्या नळीत एक बारीक नळी सरकवावयाची आणि इवलेसे काडतूस उडवावयाचे. त्यांचे काडतूस मध्याघातीच असल्यामुळे रायफलीच्या खिळीला हात लावावा लागत नसे. सराव संपला की नळी बाहेर काढली, आणि रायफल पुन्हा पूर्ववत झाली.

०.२२ इंची किनाराघाती काडतूस त्याहून स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे. त्याची गोळी केवळ ४० ग्रेनची, म्हणजे पाव तोळ्याहूनही हलकी. मात्र येथे अडचण उभी राहिली. मध्यावर आघात करणारी खिळी किनाऱ्यावर आघात कसा करील? बंदूककारांना दोनच वाटा होत्या. ठोकळ्यातील खिळीची जागा बदलावी. नाही तर खिळी तशीच ठेवून आतील बारीक नळी मध्यापासून किंचित बाजूला बसवावी, म्हणजे काडतुसाची कडच खिळीसमोर येईल. पहिल्या उपायात रायफल कायमची बदलते. दुसऱ्यात तिचे मूळ अंग पुष्कळसे शाबूत राहते. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल या पेढीने जुन्या नळ्यांना आतून नवे अस्तर लावण्याच्या कामात मोठे नाव मिळविले. त्याच गावच्या बी. एस. ए. कंपनीने तर मार्टिनीच्याच धर्तीवर मुळातच ०.२२ इंची असलेल्या रायफली घडविल्या, आणि दीर्घकाळ त्या स्पर्धांतून गाजल्या.

रूपांतराचा सर्वांत मोठा प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला. तेथे १९११ पासून मुलांना सक्तीचे लष्करी शिक्षण सुरू झाले. त्या मुलांसाठी बी. एस. ए. आणि ग्रीनर या कारखान्यांनी मार्टिनीची एक लहानखुरी आवृत्ती तयार केली. तिचे काडतूस ०.३१० इंची व मध्याघाती होते, आणि तिच्या अंगावर कांगारूची मुद्रा ठोकलेली असे. १९२९ साली सक्ती उठली. दुसऱ्या महायुद्धानंतर या हजारो रायफली नागरिकांना विकल्या गेल्या, परंतु ०.३१० ची काडतुसे दुर्मिळ होत चालली होती. तेव्हा ॲडलेडच्या स्पोर्टको कंपनीने आणि इतर बंदूककारांनी त्यांतील पुष्कळ रायफलींना नव्या नळ्या चढविल्या. काहींना मध्याघाती काडतुसे मिळाली, काहींना ०.२२ इंची किनाराघाती. छात्रसैनिकाची रायफल शेतावर ससे मारणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी नांदू लागली.

आज संग्राहक अशा रायफलीकडे पाहतो तेव्हा हळहळतो. नळी कापली गेली, तिच्यावरील शाळेचे व पथकाचे क्रमांक गेले, लाकडी दस्ताही नवा. कांगारूची मुद्रा तेवढी उरली. त्याची हळहळ खोटी म्हणता येणार नाही. इतिहासाचा एक साक्षीदार मुका झाला आहे. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. रूपांतर झाले नसते तर यांतील कित्येक रायफली भट्टीत वितळून गेल्या असत्या, आणि मग मुद्राही उरली नसती. इंदूर-बडोद्याकडील जुन्या वाड्यांत शाळा वा कचेऱ्या भरू लागल्या तेव्हा काही भिंती पडल्या. परंतु वाडे उभे राहिले ते त्या वापरामुळेच. ज्या वस्तूला काम उरत नाही तिला छप्परही फार दिवस उरत नाही.

मग कसोटी कोणती? मला वाटते, ती मॉरिसच्या नळीत सापडते. ज्या रूपांतरातून मागे फिरता येते ते रूपांतर वस्तूला नवे आयुष्य देते आणि तिचे जुने आयुष्यही पुसत नाही. ज्यातून मागे फिरता येत नाही, ते करण्यापूर्वी ही वस्तू आपल्यानंतर कोणाला काय सांगू शकली असती, याचा विचार झाला पाहिजे. आपल्या देशात तर हा विचार घरच्या घरी करण्याचा नव्हेच. परवान्यावाचून शस्त्राचे रूपांतर वा दुरुस्ती करण्यास १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने मनाई केली आहे, आणि ते योग्यच आहे. शंभर वर्षांच्या पोलादाला कोठे चीर गेली आहे हे डोळ्यांना दिसत नाही. शिवाय ती पाव तोळ्याची गोळीही मैलभर जाऊन जीव घेऊ शकते.

राष्ट्रीय छात्रसेनेतील आपली मुले-मुली आज ०.२२ इंची रायफलीनेच पहिला नेम धरतात. त्यांच्या हातातील काडतुसाचा जन्म १८५७ चा, हे त्यांना शिक्षकांनी अवश्य सांगावे. नेम धरताना श्वास रोखावा लागतो, चाप हलके दाबावा लागतो, आणि बार उडाला की तो परत घेता येत नाही. जुन्या वस्तूवर कानस चालविणाऱ्यानेही एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.