कोकणचे कामगार, कोचीनचे शेतकरी

मोशाव हा ज्यू स्थलांतरितांनी पॅलेस्टाईनमध्ये उभा केलेला सहकारी शेतकरी गावाचा प्रकार. पहिला मोशाव नहालाल. तो १९२१ साली इझ्रएल खोऱ्यात वसला. किबुत्झ या सामुदायिक वस्तीत जमीन, स्वयंपाकघर, मिळकत सगळेच सामाईक. मोशावात चूल वेगळी. प्रत्येक कुटुंबाला सारखाच तुकडा मिळे, तोही मालकीने नव्हे तर ज्यू राष्ट्रीय निधीकडून भाडेपट्ट्याने. खत-बियाण्यांची खरेदी आणि मालाची विक्री गावच्या संस्थेमार्फत होई. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या ऊस उत्पादक सभासदाला ही रचना परकी वाटू नये. मात्र मोशावात मजूर लावायला मनाई होती; ऊसतोड टोळ्यांवाचून कारखाना चालवण्याइतकीच ही अट कडक.

१९४८मध्ये इस्रायल स्थापन झाल्यावर नव्याने येणाऱ्यांसाठी असे मोशाव झपाट्याने वसवले गेले. भारतातून गेलेल्यांच्या बाबतीत मात्र वाटण्या उलट्याच झाल्या. मराठी बोलणारे बेने इस्रायल ज्यू मूळचे कोकणातल्या खेड्यांतले. पेणकर, रोहेकर, नवगावकर ही आडनावेच ते सांगतात. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवणारे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. पण एकोणिसाव्या शतकापासून त्यांच्यातले अनेकजण मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांत, रेल्वेत आणि लष्करात शिरले होते. इस्रायलमध्ये त्यांच्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद अशी शहरे आणि तिथले कारखाने आले.

मोशावांत गेले ते कोचीनचे मल्याळमभाषक ज्यू, बरेचसे किरकोळ व्यापारी. हत्तीपाय रोगाच्या धास्तीने इस्रायली आरोग्य खात्याने त्यांचा प्रवेश लांबवला होता. १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक समाज तिकडे पोहोचला. नेवातिम हे त्यांचे सर्वांत परिचित गाव. १९४६मध्ये ज्यूंच्या योम किप्पूरचा उपवास सुटल्यावर एका रात्रीत नेगेव वाळवंटात अकरा वस्त्या उभारल्या गेल्या, त्यांतली ही एक. पहिले रहिवासी टिकले नाहीत. १९५४मध्ये तिथे कोचीनची कुटुंबे आली. धो धो पावसाच्या मुलखातली माणसे बीरशेबाच्या पूर्वेकडील कोरड्या पठारावर शेती शिकली. केरळातल्या चेंदमंगलमहून गेलेल्या एलियाहू बेझालेल यांनी नेगेवमध्ये हरितगृहांतील फुलशेतीत नाव कमावले आणि भारत सरकारचा प्रवासी भारतीय सन्मान मिळवला.

१९८०च्या दशकातील महागाई आणि कर्जाने देशभरातल्या मोशावांच्या संस्था खिळखिळ्या झाल्या. मजुरांचा नियमही सैल पडला. १९९०च्या दशकापासून अनेक मोशावांच्या शेतांत थायलंडहून आणलेले मजूर राबू लागले.