पब, परमिट रूम आणि आडवी बाटली

१/ अहिल्यानगरातून पुण्याच्या किंवा मनमाडच्या रस्त्याला लागले की 'परमिट रूम व बिअर बार' अशा पाट्या दिसू लागतात. आत शिरणाऱ्याला परवाना क्वचितच कोणी विचारतो. तरीही पाटीवरचा 'परमिट' हा शब्द ढळलेला नाही. हा शब्द आला कोठून? त्याचा शोध घेताना दूरच्या स्कॉटलंडमधील पबचा इतिहास विलक्षण उपयोगी पडतो.

२/ 'पब' म्हणजे 'पब्लिक हाऊस'. सर्वांसाठी खुले असलेले घर, हा त्या नावाचा अर्थ. 'परमिट रूम' म्हणजे परवानगीची खोली. पहिल्या नावात मुभा गृहीत आहे, दुसऱ्यात मनाई. प्रत्यक्षात मात्र दोन्हीकडच्या ग्राहकांना दार कधी उघडे मिळाले, कधी बंद.

३/ स्कॉटलंडची आणि नगरची गाठ पूर्वीच पडली होती. ८ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या सैन्याने शिंद्यांच्या ताब्यातील अहमदनगरच्या पेठेवर हल्ला केला. त्या सैन्यात ७४वी आणि ७८वी या स्कॉटिश हायलँडर पलटणी होत्या. १२ ऑगस्टला किल्लाही पडला.

४/ हे सैनिक आले. पण त्यांच्या गावचा पब त्यांच्यामागून आला नाही. गोऱ्या शिपायाला अरक किंवा रम शिध्यासारखी मोजून मिळे. पुढे पलटणीची कँटीन आली. छावणीबाहेरच्या रयतेसाठी होते कलालाचे दुकान, ताडी आणि मोहाची दारू. एका गावात दारूची दोन दारे झाली, ती अशी.

५/ १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे, ताडी काढणे आणि विकणे यांवर सरकारी पकड घट्ट केली. दारू हा महसुलाचा भरवशाचा झरा ठरला. सरकारचा खजिना प्रजेच्या व्यसनावर भरतो, हा राष्ट्रीय चळवळीचा आक्षेप याच वास्तवातून आला. १९२०-२१ आणि १९३० मध्ये दारूच्या दुकानांपुढे झालेली निरोधने हे त्याचेच रूप होते.

६/ सत्ता हाती येताच काँग्रेसने तो शब्द पाळला. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० मध्ये प्रांतभर पूर्ण दारूबंदी आली. मात्र सैन्याच्या मेस आणि कँटीन यांना सूट देण्याची तरतूद कायद्यातच होती. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बराचसा भाग वैध ठरवला. सैन्याची सूटही टिकली. नगरसारख्या लष्करी गावात याचा अर्थ उघड होता. छावणीची हद्द हीच जणू दारूबंदीची हद्द.

७/ सामान्य नागरिकासाठी उरला परवाना. परदेशी पाहुण्यांना तो मिळे. इतरांना प्रकृतीसाठी मद्य आवश्यक असल्याचे दाखवून 'हेल्थ परमिट' काढता येई. म्हणजे प्यायचे असेल तर आधी कागदावर रुग्ण व्हा! ज्याच्याकडे डॉक्टर, ओळख आणि पैसा, त्याची गरज कायदेशीर. ज्याच्याकडे यांतले काहीच नाही, त्याच्या वाट्याला हातभट्टी आणि पोलिसांची भीती.

८/ स्कॉटलंडच्या ग्राहकालाही असेच एक सोंग घ्यावे लागले होते. १८५३च्या फोर्ब्स मॅकेन्झी कायद्याने तेथील पब रविवारी पूर्ण बंद झाले. हॉटेलात मात्र खऱ्याखुऱ्या प्रवाशाला मद्य देता येई. परिणामी रविवारी शेजारच्या गावी जाऊन अनेक जण 'प्रवासी' बनत. ही सवलतीची पळवाट १९६२पर्यंत टिकली. आपल्याकडे रुग्ण, त्यांच्याकडे प्रवासी. दोन्हीकडे कायद्याने ग्राहकाला खोटे बोलायला शिकवले.

९/ आतला अनुभवही संमिश्रच. स्कॉटिश पबमध्ये व्हिस्कीच्या घोटासोबत अर्धा पाइंट बिअर, कामगारांच्या गप्पा आणि ऊब होती. पण दार लवकर बंद होई, म्हणून शेवटच्या घटकेला घाईघाईने पिणे होई. १९७६च्या परवाना कायद्याने वेळा सैल झाल्या. अनेक पबांत स्त्रियांना मज्जाव असे. १९७५च्या लिंगभेदविरोधी कायद्याने ते बेकायदा ठरले. आपल्या परमिट रूममध्ये मंद दिवे, पडदे, चकणा आणि ओळखीचे कोणी पाहील ही धास्ती. देशी दारूच्या दुकानात तर अनेकदा बसायला बाकडेही नसे.

१०/ महाराष्ट्रात १९६०-७०च्या दशकांत दारूबंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले. नगर जिल्हा तोवर सहकारी साखर कारखान्यांचा जिल्हा झाला होता, आणि साखरेबरोबर निघणाऱ्या मळीपासून मद्यार्क बनतो. पण याच जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी आहे. तेथे १९७५नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने गावातील भट्ट्या बंद झाल्या. व्यसनींना खांबाला बांधून मारण्याचा मार्गही अवलंबला गेला. तो आजही वादाचा विषय आहे.

११/ बळाऐवजी मताचा मार्ग असू शकतो का? स्कॉटलंडने १९१३च्या कायद्याने स्थानिक मतदान दिले. १९२० मध्ये पहिली मतदाने झाली आणि किर्किन्टिलॉकसारखे गाव पुढे चार दशकांहून अधिक काळ पबविना राहिले. महाराष्ट्रातही गावातील एकचतुर्थांश महिला मतदारांच्या मागणीवरून गुप्त मतदान घेता येते. चिन्हे दोनच: दुकान राहावे तर उभी बाटली, बंद व्हावे तर आडवी.

१२/ येथे गणित नीट पाहा. स्कॉटलंडमध्ये झालेल्या मतांपैकी ५५ टक्के आणि एकूण मतदारांपैकी ३५ टक्के मते पुरत. आपल्याकडे एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात. समजा, गावात १,००० महिला मतदार आहेत, ६०० जणी मतदानाला आल्या आणि ४९० जणींनी आडवी बाटली निवडली. स्कॉटलंडच्या नियमाने दुकाने बंद. आपल्या नियमाने सुरूच! जी मजुरीला गेली, जी आजारी होती, जिला घरातून निघू दिले नाही, तिची अनुपस्थिती उभ्या बाटलीच्या पारड्यात पडते.

१३/ कायद्याने नियम सैल केले तरी परवाना रद्द केलेला नाही. आजही महाराष्ट्रात मद्य पिण्यासाठी एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म परवाना असतो. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांचा. पाटीवरचा 'परमिट' हा त्या जुन्या मनाईचा उरलेला अवशेष आहे.

१४/ गुत्ता असो, पब असो वा परमिट रूम, तिची कथा सहसा आत बसलेल्या ग्राहकाच्या तोंडून सांगितली जाते. पण तिचे बिल आत कधीच न गेलेली माणसेही भरत असतात. पिणाऱ्याला परवाना पाच रुपयांत मिळतो. न पिणारीला मात्र आपले म्हणणे खरे करण्यासाठी गावातल्या निम्म्याहून अधिक बायका एकाच दिवशी घराबाहेर काढाव्या लागतात. पुढच्या वेळी ती पाटी दिसली, तर हा हिशेबही आठवावा.