वेताळ रुजला, सुप्रीमो का नाही?

पेणच्या गणपती कारखान्यात मूर्तीचे डोळे सगळ्यांत शेवटी आखतात. बाकीचं रंगकाम हाताखालची मुलंही करतात, आखणीला मात्र जुना हातच लागतो. लहानपणी अशाच एका कारखान्याच्या ओट्यावर बसून मी इंद्रजाल कॉमिक्स वाचायचो आणि मला कोडं पडायचं. इथे डोळ्यांवाचून मूर्ती पुरी होत नाही, आणि आमच्या वेताळाच्या मुखवट्यात तर बुबुळंच नाहीत! तरी तो जिवंत कसा वाटतो?

ली फॉक यांचा हा फँटम १९३६ साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत अवतरला. टाइम्स ऑफ इंडियाच्या मंडळींनी मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं तेही त्याच्याच कथेने. मराठीत त्याचा ‘वेताळ’ झाला. ज्याला हे नाव सुचलं त्याला दाद द्यायला हवी. आपल्या कोकणात वेताळ म्हणजे नुसतं भूत नव्हे, तो गावाचा राखणदार. रात्री शीव फिरतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा. म्हणून तर आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्यामोठ्या वहाणा वाहतात. माझं आजोळ रोह्याचं. तिथले ग्रामदैवत धावीर महाराजही गावाचे रक्षणकर्तेच. त्यांच्या पालखीला पोलीस सशस्त्र मानवंदना देतात. अशा मुलखातल्या पोराला जंगलातला रखवालदार काही वेगळा समजावून सांगावा लागत नव्हता.

पण नुसत्या नावाने भागत नाही. वेताळाकडे दैवी शक्ती अशी एकही नाही. त्याला गोळी लागते, रक्त येतं. बाप मरतो आणि मुलगा तोच मुखवटा चढवतो. असे एकवीस झाले. जंगलाला वाटतं, चारशे वर्षं हा एकच आहे. खरं काय ते आपल्याला ठाऊक असतं, खलनायकाला नसतं. सगळी गंमत त्या गुपितात आहे.

शिवाय संपादकांनी थोडी कात्रीही चालवली. मूळ कथेत चाचेगिरी करणारी टोळी ‘सिंग’ नावाची आणि देश ‘बंगाला’. इंद्रजालमध्ये त्यांचे ‘सिंगा’ आणि ‘डेंकाली’ झाले. आपल्याच आडनावाचे दरोडेखोर असते तर आपण कुणाची बाजू घेतली असती? पुढे १९७६ साली आबिद सुरतींनी थेट देशी ‘बहादूर’ आणला. कुर्ता आणि जीन्स घालून डाकूंशी लढणारा. तोही लोकांनी आपला म्हटला.

आणि मग १९८३च्या सुमारास आला ‘सुप्रीमो’. साक्षात अमिताभ बच्चन! चित्रं प्रताप मुळीक यांची, कथांना गुलजारांचा सल्ला. यापेक्षा काय हवं? तरी ती मालिका फार काळ चालली नाही. चित्रकाराला दोष देता येत नाही, कारण त्याच मुळीकांनी १९८६ पासून ‘नागराज’ रेखाटला आणि तो तुफान चालला. मला वाटतं, गोम दुसरीकडे होती. १९८२ साली ‘कुली’च्या चित्रीकरणात अमिताभला दुखापत झाली, तेव्हा देवळादेवळांतून नवस बोलले गेले. खरा अमिताभ मरू शकतो, हे अख्ख्या देशाने नुकतंच पाहिलं होतं. कागदावरच्या सुप्रीमोला मात्र काही होणार नाही, हे पहिल्या पानावरच ठाऊक. काळा गॉगल लावला तरी तो कोण हे पोराटोरांना कळे. गुपित नाही, धोका नाही. मग पान उलटायचं कशासाठी?

इंद्रजाल १९९० साली बंद पडलं. माझे अंक त्याआधीच रद्दीत गेले होते.

माझं ते कोडं मी एकदा त्या कारखान्यातल्या आखणीवाल्या आजोबांना घातलं होतं. त्यांनी ब्रश बाजूला ठेवला, अंक हातात घेऊन लांब धरला, जरा तिरका केला. म्हणाले, “गणपतीचे डोळे असे आखायचे, की कुठूनही बघा, देव तुमच्याकडेच बघतोय असं वाटलं पाहिजे. हा कुणाकडे बघतोय तेच कळत नाही. चोर घाबरेल नाहीतर काय!” आणि अंक परत न देता ते पुढचं पान वाचायला लागले.