दोन छावण्यांमधले मैदान

जमैकाचे राष्ट्रगीत ही एक प्रार्थना आहे. तिच्यात रणवाद्यांचा गजर नाही, पराक्रमाची प्रौढी नाही. राज्यकर्त्यांना सद्बुद्धी लाभावी, सर्वांविषयी आदर वाटावा, दुर्बलांना सांभाळण्याचे बळ यावे, असे तिचे मागणे आहे. ६ ऑगस्ट १९६२ रोजी हे बेट ब्रिटिश अमलातून मुक्त झाले, तेव्हा राष्ट्राने हे गीत आपले म्हणून स्वीकारले. त्याचे शब्द लिहिणारे रेव्हरंड ह्यू शेरलॉक (१९०५–१९९८) हे मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. राष्ट्रासाठी प्रार्थना लिहिण्याच्या बावीस वर्षे आधी, १९४० साली, त्यांनी पश्चिम किंग्स्टनच्या दरिद्री वस्तीत मुलांसाठी एक संस्था उभी केली होती. तिचे नाव बॉइज टाउन.

आज हे नाव घेतले की जमैकातील माणसाला प्रथम आठवतो तो फुटबॉलचा संघ. खेळाच्या क्लबांचा इतिहास बहुधा चषकांच्या यादीने लिहिला जातो. बॉइज टाउनचा इतिहास तसा लिहिला तर तो अर्ध्या पानात संपेल, आणि जे सांगण्यासारखे आहे ते नेमके वगळले जाईल. म्हणून मैदानावरील हारजितीपेक्षा ते मैदान कोणासाठी आखले गेले आणि पुढे ते कोणाच्या ताब्यात जाऊ दिले गेले नाही, याचा विचार आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो.

जमैकातील गुलामगिरी १८३८ साली पूर्णतः संपुष्टात आली. पायांतील बेड्या तुटल्या, परंतु जमीन मळेवाल्यांकडेच राहिली. बरोबर शंभर वर्षांनी, १९३८ च्या मे महिन्यात, फ्रोमच्या साखर कारखान्यावरील मजुरांचा असंतोष पेटला आणि पाठोपाठ किंग्स्टनचे गोदी कामगार संपावर गेले. त्या उठावातून अलेक्झांडर बुस्टामांटे आणि नॉर्मन मॅन्ली हे दोन नेते पुढे आले. पुढील जमैकाचे दोन प्रमुख पक्ष, जमैका लेबर पार्टी आणि पीपल्स नॅशनल पार्टी, या दोघांच्या भोवती वाढले. त्या काळात खेड्यांतून पोटासाठी राजधानीत आलेल्या कुटुंबांची पश्चिम किंग्स्टनमध्ये दाटी झाली होती. पुढे सरकारने ट्रेंचटाउनमध्ये घरे बांधली. मध्ये अंगण, त्याभोवती एकेका खोलीचे बिऱ्हाड आणि सामाईक नळ, अशी ही रचना आपल्याकडील चाळीत वाढलेल्या वाचकास अपरिचित वाटणार नाही.

अशा वस्तीतील मुलाला दिवसभर रस्ता मोकळा असतो आणि इतर सर्व दारे बंद असतात. शेरलॉक यांनी ही गोष्ट ओळखली. बॉइज टाउनमध्ये शिक्षण होते, हाताला काम शिकवणे होते, उपासना होती आणि खेळ होता. यांतील खेळ हे केवळ आमिष होते, असे म्हणणे शेरलॉक यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. ज्या मुलाला घरी, शाळेत, कचेरीत कोठेच आपले मत विचारले जात नाही, त्याला संघात एक जागा असते. तो आला नाही तर ती रिकामी दिसते. नियम सर्वांना सारखा आहे आणि आपल्या चुकीची किंमत सोबत्यांना मोजावी लागते, हे धर्मोपदेशाने शिकवायला वर्षे लागतात. मैदानावर ते एका संध्याकाळी कळते.

त्या काळच्या जमैकात क्लब या संस्थेचा अर्थच निराळा होता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. १८६३ साली स्थापन झालेला किंग्स्टन क्रिकेट क्लब हा प्रतिष्ठितांचा. त्याच्या सबाइना पार्क या मैदानावर कसोटी सामने होत. कोणत्या क्लबात कोणाला प्रवेश मिळावा, हे कातडीचा वर्ण, घराणे आणि हुद्दा यांवरून ठरे. क्लब म्हणजे मुळात कोणाला तरी बाहेर ठेवणारे कुंपण. बॉइज टाउनने हा शब्द उलटा केला. ज्यांना सर्वांनी बाहेर ठेवले होते, त्यांचाच हा क्लब झाला.

याच मैदानावर ओ'नील गॉर्डन स्मिथ हा मुलगा घडला. १९३३ साली जन्मलेल्या या मुलाला सारे जग पुढे कॉली स्मिथ म्हणून ओळखू लागले. १९५५ साली ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने पहिला कसोटी सामना खेळला तो सबाइना पार्कवर, म्हणजे त्याच्या वस्तीतील मुलांना सहजी प्रवेश नसलेल्या त्या मैदानावर. दुसऱ्या डावात त्याने १०४ धावा काढल्या. १९५७ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या आपल्या पहिल्या कसोटीत त्याने एजबॅस्टन येथे १६१ धावा केल्या आणि त्याच मालिकेत ट्रेंटब्रिज येथे १६८.

कॉली स्मिथ आपल्याकडे अगदीच परका नाही. १९५८-५९ च्या हंगामात वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला, तेव्हा मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्याला मराठी रसिकांनी डोळे भरून पाहिले. कानपूरच्या दुसऱ्या कसोटीत सुभाष गुप्ते यांनी एका डावात १०२ धावांत ९ बळी घेतले, त्या नऊ जणांत स्मिथही होता. दिल्लीच्या शेवटच्या कसोटीत मात्र त्याने शतक काढले आणि गोलंदाजीतही पाच गडी बाद केले. योगायोग असा की, गुप्ते यांनी पुढे कॅरिबियनमधील त्रिनिदाद बेटावरच संसार थाटला आणि २००२ साली तेथेच देह ठेवला.

दिल्लीच्या त्या सामन्यानंतर कॉली स्मिथला फार आयुष्य लाभले नाही. सप्टेंबर १९५९ मध्ये एका मदतनिधी सामन्यासाठी रात्री मोटारीने लंडनकडे जात असताना स्टॅफर्डशायरमध्ये अपघात झाला. गाडी गारफिल्ड सोबर्स चालवत होते. सोबर्स आणि तिसरा सहकारी टॉम ड्यूडनी बचावले. दोन दिवसांनी, ९ सप्टेंबर रोजी, स्मिथ गेला. तो अवघा सव्वीस वर्षांचा होता. त्याचा मृतदेह किंग्स्टनला आणण्यात आला, तेव्हा अंत्ययात्रेला सुमारे साठ हजारांचा समुदाय लोटल्याचे सांगतात. कीर्ती मिळाल्यावरही तो आपल्या वस्तीत परत येत राहिला, लहान मुलांबरोबर खेळत राहिला, हे त्या शोकाचे खरे कारण होते. ट्रेंचटाउनमधील मुख्य रस्त्याला पुढे त्याचे नाव देण्यात आले. हे नाव ध्यानात ठेवावे, कारण पुढील हकिकतीत त्याला फार अर्थ आहे.

या ठिकाणी आणखी एका व्यक्तीचा उल्लेख केला पाहिजे. पूर्ण मालिकेसाठी वेस्ट इंडीजचे नेतृत्व सोपवले गेलेले पहिले कृष्णवर्णीय कर्णधार फ्रँक वॉरेल हे मूळचे बार्बाडोसचे, परंतु जमैकात स्थायिक झालेले. १९६२ साली बार्बाडोसमध्ये नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागून ते मृत्यूच्या दारात पोहोचले असता वॉरेल यांनी रक्तदान केले, ही गोष्ट भारतीय विसरलेले नाहीत. त्यांच्या योग्यतेच्या खेळाडूसाठी कोणत्याही प्रतिष्ठित क्लबाचे दार उघडले असते. किंग्स्टनमध्ये ते खेळले ते बॉइज टाउनकडून. आम्हांला हे रक्तदानाच्याच जातीचे कृत्य वाटते.

स्वातंत्र्यानंतर या वस्तीवर जे संकट आले ते बाहेरचे नव्हते. पश्चिम किंग्स्टनमधील जुनी झोपडपट्टी पाडून १९६० च्या दशकात टिव्होली गार्डन्स ही वसाहत उभी राहिली. तिच्यामागे लेबर पार्टीचे एडवर्ड सिआगा होते. १९७० च्या दशकात सत्तापालट झाल्यावर अँथनी स्पॉल्डिंग या गृहनिर्माणमंत्र्यांच्या काळात अर्नेट गार्डन्स बांधले गेले आणि ते नॅशनल पार्टीचे ठाणे बनले. घर हवे तर मत हवे, आणि मत टिकवायचे तर बंदूक हवी, असा हा व्यवहार होता. अशा वसाहतींना जमैकात गॅरिसन, म्हणजे छावणी, हाच शब्द रूढ झाला. लेबर पार्टीला मानणारे रेमा आणि नॅशनल पार्टीला मानणारे अर्नेट गार्डन्स या दोन वस्त्या परस्परांना खेटून आहेत, आणि बॉइज टाउन त्यांच्या सीमेवर आहे. १९७६ मध्ये आणीबाणी पुकारावी लागली. १९७८ च्या एप्रिलमध्ये याच ट्रेंचटाउनमध्ये वाढलेल्या बॉब मार्ली यांनी आपल्या मैफलीत पंतप्रधान मायकेल मॅन्ली आणि विरोधी नेते सिआगा यांचे हात एकमेकांच्या हातांत दिले. तरीही १९८० हे निवडणुकीचे वर्ष आठशेंहून अधिक बळी घेऊन गेले.

फुटबॉलचे मैदान या वाटणीतून सुटले नाही. १९७८ साली अर्नेट गार्डन्सचा संघ जमैकाचा राष्ट्रीय विजेता ठरला, १९८३ साली टिव्होली गार्डन्सचा. अर्नेट गार्डन्सचे क्रीडासंकुल स्पॉल्डिंग यांच्या नावाने ओळखले जाते, तर टिव्होलीचे सिआगा यांच्या. त्या संघांतील मुलांच्या कष्टांना कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. बंदुकीऐवजी चेंडूच्या मागे धावणारा प्रत्येक मुलगा ही कोणत्याही छावणीत जमेचीच बाजू होय. परंतु मैदानाला जेव्हा नेत्याचे नाव पडते, तेव्हा तेथे खेळायला कोण धजेल हेही ठरून जाते. बॉइज टाउनचे मैदान मात्र ज्या रस्त्यावर आहे, त्याला कॉली स्मिथचे नाव आहे. ज्याने कोणाकडे मत मागितले नाही आणि कोणाला घर दिले नाही, अशा वस्तीतल्याच एका मुलाचे.

१९८४ साली, म्हणजे त्या रक्तरंजित निवडणुकीनंतर चार वर्षांनी, बॉइज टाउनचा संघ राष्ट्रीय विजेता झाला. १९८६ आणि १९८९ मध्ये हे यश त्याने पुन्हा मिळवले. या क्लबाशी दीर्घकाळ निगडित असलेले कार्ल ब्राउन पुढे राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. १९९८ साली जमैका प्रथमच विश्वचषकाच्या अंतिम फेरीसाठी फ्रान्सला गेला, तेव्हा संघाचे ब्राझिलियन मुख्य प्रशिक्षक रेने सिमोइस यांचे ते सहकारी होते. त्याच वर्षी शेरलॉक यांचे निधन झाले.

एवढ्यावरून फुटबॉलने ट्रेंचटाउनचा उद्धार केला, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. दारिद्र्य सरले नाही, छावण्याही मोडल्या नाहीत. २०१० च्या मे महिन्यात एका टोळीप्रमुखाला पकडण्यासाठी सुरक्षा दले टिव्होलीत शिरली, तेव्हा सत्तरच्या आसपास माणसे मारली गेली. राज्यसंस्थेने जे बिघडवले ते क्लबाने दुरुस्त करावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. शेरलॉक यांनी तसे वचन कधी दिलेही नव्हते. त्यांनी एक जागा राखली. तेथे येणाऱ्या मुलाला तो कोणत्या वस्तीचा हे न विचारता, तो कोणत्या जागी खेळतो एवढेच विचारले जावे, अशी ती जागा.

मूळ भूमीपासून दूर राहून वाचनालये, मंडळे आणि व्यायामशाळा चालवणाऱ्या आम्हां मंडळींना या हकिकतीत एक प्रश्न दडलेला दिसतो. संस्था मोठी झाली की तिच्याकडे सत्तेचे लक्ष जाते. मदत येते, आणि मदतीमागून नावाची पाटी येते. पाटी कोणाची लावावी हा तेव्हा किरकोळ प्रश्न वाटतो. बॉइज टाउनच्या मुलांपुरते बोलायचे तर, त्या पाटीवरच कोण आत येणार आणि कोण बाहेर राहणार हे अवलंबून होते. शेरलॉक यांनी राष्ट्रासाठी जी प्रार्थना लिहिली, तिच्यातील सर्वांविषयीचा आदर हा शब्द त्यांनी आधी बावीस वर्षे त्या धुळीच्या मैदानावर रोज आचरून पाहिला होता. कवितेत तो नंतर आला.