प्रवासकथेची गोडी आणि संशोधकाचें कर्तव्य

प्रवासकथा वाचकांस इतकी प्रिय कां व्हावी, हा प्रश्न वरवर पाहतां साहित्यशास्त्राचा दिसतो. परंतु जुन्या पोथ्या व दप्तरें धुंडाळणाऱ्यांसहि त्याचा विचार करणें अगत्याचें आहे. कारण, जी कथा लोकांस गोड लागते ती ते जपतात, आणि जी जपली जाते तीच पुढें आमच्या हातीं लागते. या गोडीचें मूळ कशांत आहे, व ती हातीं आल्यावर आपण तिचें काय करतों, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

प्रारंभ आमच्या विदर्भापासूनच करूं. वनपर्वांतील नलोपाख्यानांत राज्य गमावलेला नल अरण्यांत दमयंतीस वाटा दाखवितो. अवंती व ऋक्षवान् पर्वत ओलांडून दक्षिणापथास जाणारे मार्ग, समोरचा विंध्य, पयोष्णी नदी, ऋषींचे आश्रम, ही वाट विदर्भाची, ती कोसलाची, असें तो सांगतो. पयोष्णी म्हणजे तापी कीं तिला मिळणारी पूर्णा, याविषयीं पंडितांत मतभेद आहे व तो महत्त्वाचाहि आहे. परंतु दमयंतीस तें भूगोलाचें वर्णन वाटत नाहीं. मला टाकून जावयाचें नसेल तर माहेरची वाट कां दाखवितां, असें तिच्या मनांत येऊन तिचा कंठ दाटतो. येथें नद्या-डोंगरांचीं नांवें हींच शोकाचें कारण झालीं आहेत. तीं काढून टाका, प्रसंग उरत नाहीं. प्रवासकथेंत स्थळ हें अलंकारासाठीं नसतें, तें कथेचें अंगच असतें, हें येथें स्पष्ट दिसतें.

दुसरें उदाहरण मराठीचें, आणि तेंहि वऱ्हाडचें. श्रीचक्रधरांच्या निर्याणानंतर रिद्धपुरास जमलेल्या शिष्यांपैकीं म्हाइंभटानें तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत लीळाचरित्र सिद्ध केलें. त्यांतील ‘एकांक’ म्हणजे स्वामींचें एकाकी भ्रमण. पुढील भागांतहि गांव, देऊळ, मठ, नदीचा कांठ यांवांचून लीळा क्वचितच आढळते. म्हाइंभट नुसता ऐकत बसला नाहीं. ज्यांनीं ज्यांनीं स्वामींस पाहिलें होतें, त्यांच्या त्यांच्याकडे जाऊन त्यानें लीळा गोळा केल्या. प्रवासाची कथा मिळविण्यासाठीं त्यासहि प्रवासच करावा लागला. पुढें मूळ पोथी धामधुमींत नाहींशी झाली, तेव्हां महानुभावांनीं ती स्मरणांतून पुन्हां उभी केली. म्हणूनच आज तिचे निरनिराळे पाठ आढळतात. चौदाव्या शतकांत ‘स्थानपोथी’ झाली. तींत देवळाचें दार कोणत्या दिशेस, स्वामींचें आसन कोठें, वसति कोठें, हें टिपलें आहे. स्थळांचीं नांवें किती चंचल असतात, हें आम्हां वणीकरांस सांगावयास नको. निर्गुडेकांठच्या आमच्या या गांवाचें नांव १९०५ पर्यंत सबंध जिल्ह्यास होतें, नंतर तें जाऊन यवतमाळ हें नांव आलें. नांव पालटतें, पण दाराची दिशा सांगितलेली असली तर ठिकाण सांपडण्याची आशा राहते. भक्तांनीं श्रद्धेनें केलेली नोंद अशी संशोधकाच्या उपयोगीं पडते.

तिसरा ग्रंथ वरसईचे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. घरचें कर्ज फेडावें, बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञांत दक्षिणा मिळवावी, म्हणून हे भिक्षुक १८५७ सालीं काकांसह उत्तरेस निघाले आणि बंडांत सांपडले. झांशीचा वेढा, शहराची लूट, काल्पीच्या वाटेवर तहानलेल्या राणीची भेट, हें सर्व त्यांनीं प्रत्यक्ष अनुभविलें. मिळालेलें द्रव्य लुटलें गेलें. अखेर गंगेची कावड घेऊन ते घरीं आले व त्या जलानें त्यांनीं मातापितरांस स्नान घातलें. ही कथा गोड लागते ती केवळ राणीमुळें नव्हे. एका गरजू माणसाचें अन्न, पाणी, भीति व घराची ओढ तींत आहे, आणि म्हणूनच तिच्या साक्षीवर विश्वास बसतो.

परंतु या ग्रंथाचें पुढें काय झालें तेंहि ध्यानांत घेतलें पाहिजे. चिंतामणराव वैद्य यांनीं तो १९०७ सालीं छापला, पण मूळ लेखनांत फेरफार करून. दत्तो वामन पोतदार यांनीं मुळाबरहुकूम आवृत्ति काढली ती १९६६ सालीं. म्हणजे गोडसेभटजींचे स्वतःचे शब्द वाचण्यास महाराष्ट्रास एकुणसाठ वर्षें वाट पाहावी लागली. वैद्यांचे उपकार मोठे; त्यांनीं आग्रह धरला नसता तर ग्रंथच झाला नसता. तरी दोष तो दोषच.

हा दोष काढण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे, हें सांगणें प्राप्त आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं, आम्ही शाळेंत संस्कृत शिकवीत असतां, गांवांतील एका घरीं काशीयात्रेची एक मोडी वही आम्हांस दाखविण्यांत आली. मुक्कामांचीं नांवें, कोसांचा आंकडा, पिठाचा भाव, नावाड्यास दिलेले पैसे, आजारी पडलेल्या सोबतिणीसाठीं केलेला दोन दिवसांचा खोळंबा, असा तींतील मजकूर होता. एका संस्थानिकाचा उल्लेख आलेलें तेवढें पान आम्हीं उतरून घेतलें व बाकीचें क्षुल्लक म्हणून परत दिलें. पुढें पुन्हां गेलों तेव्हां वहीची वाळवीनें माती झाली होती. उतरलेलें पान आजहि आमच्यापाशीं आहे. त्यांतील मजकूर अन्य साधनांतून सहज मिळतो. जो मिळत नाहीं तो त्या माघारीं दिलेल्या पानांत होता. त्या सोबतिणीचें नांवहि आम्हांस आतां आठवत नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, यात्रेची वही हातीं आल्यास ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, भाव व कोस यांसह, आहे तशी उतरावी. महत्त्वाचें काय हें ठरविण्याची घाई करूं नये. दमयंतीस नलाचें मन कळलें तें त्यानें दाखविलेल्या वाटांवरून. त्याच त्यानें गाळल्या असत्या, तर तिला काय कळलें असतें?