शंभर डॉलरचा शेअर आणि मालकीचा जुना प्रश्न

२०१२ साली वॉशिंग्टन शहरात फंडराइज या कंपनीने एक इमारत नव्याने उभी करण्यासाठी ऑनलाइन शेअर विकायला काढले. एका शेअरची किंमत १०० डॉलर. सुमारे १७५ लोकांनी मिळून ३,२५,००० डॉलर गुंतवले. तोवर असे सौदे अमेरिकेत मुख्यतः धनिकांसाठी आणि मोठ्या संस्थांसाठीच होते. साहजिकच 'रिअल इस्टेटचे लोकशाहीकरण' झाल्याचा गाजावाजा झाला. लोकशाही हा शब्द आम्ही इतक्या स्वस्तात वापरत नाही, म्हणून हा दावा इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहू.

थोड्या थोड्या पैशांतून इमारती घेण्याची कल्पना इंटरनेटने जन्माला घातलेली नाही. १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये फिलिप पेटन या कृष्णवर्णीय दलालाने आफ्रो-अमेरिकन रिअल्टी कंपनी काढली. शेअर १० डॉलरचा, भांडवलाचे उद्दिष्ट ५ लाख डॉलर. हार्लेममध्ये एका गोऱ्या कंपनीने इमारती विकत घेऊन कृष्णवर्णीय भाडेकरूंना बाहेर काढायला सुरुवात केली, तेव्हा पेटनने शेजारच्या इमारती घेतल्या, तिथल्या गोऱ्या भाडेकरूंना नोटीस दिली आणि हाकललेल्या आपल्या माणसांना तिथे आणले. शेवटी त्या कंपनीला माघार घ्यावी लागली. म्हणजे इथे शेअर घेणाऱ्याला नफा हवा होताच, पण त्या पैशातून ज्यांना कोणी खोली देत नव्हते त्यांना छप्पर मिळत होते.

पेटनचे गोडवेच गाऊन थांबणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. भाडी चढी होती. माहितीपत्रकात दिशाभूल केल्याच्या आरोपावरून १९०६ साली भागधारकच कोर्टात गेले आणि १९०८ पर्यंत कंपनी बुडाली. त्यांनी दावा लावला ते योग्यच केले. समाजाच्या नावाने पैसे गोळा केले म्हणून हिशेब विचारायचा नाही, हे आम्हाला मान्य नाही. (आपल्याकडच्या पतसंस्थांबाबतही नाही!)

आता फंडराइजची ती इमारत कुठे होती ते पाहा. एच स्ट्रीट नॉर्थईस्ट. हा कृष्णवर्णीयांच्या वस्तीतला बाजाररस्ता. ४ एप्रिल १९६८ रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि संतापाच्या आगीत हा रस्ता जळाला. ११ एप्रिलला घरभाड्यात व विक्रीत वंशभेद करण्यास बंदी घालणारा कायदा झाला, पण त्याआधी १९३४ पासून सरकारचेच गृहनिर्माण प्रशासन कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या गृहकर्जाला हमी नाकारत आले होते. जमीन मातीमोल होती तेव्हा तिथल्या माणसाला कर्ज नाही. रस्त्याला भाव येऊ लागल्यावर मात्र १०० डॉलर घेऊन या, असे आमंत्रण! १९७० साली या शहरात ७१ टक्के लोक कृष्णवर्णीय होते. २०११ च्या सुमारास ते निम्म्याहून कमी झाले. हे १७५ लोकांचे पाप नाही, आणि त्यांत त्याच शहरातले रहिवासीही होते. पण शेअरधारकाला परतावा मिळतो, भाडेकरूला बोलण्याचा हक्क मिळत नाही, आणि रस्त्याचे भाडे वाढले की पहिल्याचा लाभ तोच दुसऱ्याचा घात होतो. त्या जागेत पुढे रेस्टॉरंट आणि फॅशनच्या कपड्यांचे दुकान आले.

बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जातपात न पाहता गावकऱ्यांना कसायला द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर असे कोणी उरणार नाही, अशी मांडणी केली होती. ती शेतीबद्दल होती हे खरे. पण जमिनीच्या उत्पन्नात वाटा आणि जमिनीवर सत्ता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तिथूनच शिकता येते.

आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये सेबीने अशा ऑनलाइन वाटेकरी मालकीसाठी 'लघु व मध्यम रीट'चे नियम आणले. देखरेख आली, हे चांगलेच झाले. योजना ५० कोटींपासून ५०० कोटींपर्यंतची, आणि किमान ९५ टक्के पैसा बांधून पूर्ण झालेल्या, भाडे देणाऱ्या मालमत्तेत. वॉशिंग्टनमध्ये दार १०० डॉलरला उघडत होते. इथे एका गुंतवणूकदाराने किमान १० लाख रुपये आणायचे आहेत.