‘प’च्या जागेवर ‘ह’

आमच्या भिलाईत परदेशी भाषा म्हणजे रशियन. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं. वर्ध्याहून कारखान्यात आलेले माझे वडील घरीसुद्धा चहा हातात घेताना ‘स्पासिबा’ म्हणायचे. जपान ठाऊक होता तो बैलाडिल्याच्या लोहखनिजापुरता. ते विशाखापट्टणमच्या बंदरातून तिकडे जायचं, आमच्या भट्ट्यांना दल्ली-राजहराचं यायचं.

आता लेक नागोयात असते. फोनवर नातू जपानीत काहीतरी विचारतो आणि मी नुसता हसतो. म्हणून निवृत्तीनंतर दुर्गच्या घरी तिची पुण्यातल्या क्लासची जुनी वही काढली. पहिल्याच पानावर अडखळलो, पण ते ओळखीमुळे.

तक्त्यात स्वर होते आ, इ, उ, ए, ओ. पुढे ओळीनं का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा तर आपलाच क्रम! क-वर्ग, त-वर्ग, मग ओठांचे वर्ण, शेवटी य, र, व. फक्त ‘च’च्या जागी ‘स’ आणि ‘प’च्या जागी ‘ह’ कसा?

उत्तर इतिहासात आहे. जपानकडे स्वतःची लिपी नव्हती. ७१२ सालचा ‘कोजिकी’ हा ग्रंथ चिनी अक्षरांतच लिहिलेला आहे. नवव्या शतकाच्या सुमारास त्याच अक्षरांच्या झरझर वळणातून हिरागाना घडली आणि त्यांचे तुकडे घेऊन कताकाना. ८०४ साली चीनला गेलेला कूकाइ हा भिक्षू दोन वर्षांनी परतला, तो संस्कृत मंत्रांची सिद्धम् लिपी शिकून. मठांत या लिपीचा अभ्यास सुरू राहिला, आणि त्यातूनच पुढे जपानी ध्वनी आपल्या वर्णमालेच्या क्रमानं मांडले गेले. तेव्हा ‘स’चा उच्चार ‘च’जवळचा होता, असं मानतात. ‘ह’ मुळात ‘प’ होता, मग ‘फ’सारखा झाला. सोळाव्या शतकातलं एक कोडं आहे: आईला हाक मारताना दोनदा भेटतात, वडिलांना हाक मारताना एकदाही नाही, ते कोण? उत्तर ओठ. आज आईला ‘हाहा’ म्हणताना ओठ मिटत नाहीत, तेव्हा जवळ येत होते. उच्चार बदलला, तक्त्यातली जागा तीच राहिली.

मग वाक्यं आली. क्रियापद शेवटी, विभक्तीसारखे प्रत्यय नामामागून. ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन बघणे, ‘काइते ओकु’ म्हणजे लिहून ठेवणे, ‘मोत्ते कुरु’ म्हणजे घेऊन येणे. इंग्रजीत हे ‘बघणे’ आणि ‘ठेवणे’ समजावताना घाम फुटेल. मराठी माणसाला ते आयतं मिळतं.

इथे मोह होतो नातं जोडण्याचा. सुसुमु ओनो या जपानी अभ्यासकानं तर तमिळशी नातं सांगितलं, पण बहुतेक भाषाशास्त्रज्ञांनी ते मान्य केलं नाही. जपानीच्या सिद्ध झालेल्या बहिणी ओकिनावाकडच्या र्युक्यू बेटांवरच्या. भातशेतीबरोबर कोरियाच्या बाजूनं आलेल्या लोकांनी ही भाषा आणली, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. त्याआधीचा धागा हाती लागत नाही. वाक्याची घडण सारखी म्हणून रक्ताचं नातं ठरत नाही. आपल्याकडून गेला तो तक्ता, भाषा नव्हे.

तरी शिकणाऱ्याला तेवढी शिदोरी पुष्कळ आहे. मी पहिला महिना रोमन लिपीतून शिकण्यात घालवला. तुम्ही तो वाचवा. जपानी शिकायला बसलात तर पहिल्या दिवशी तक्ता देवनागरीत उतरवा आणि वाक्याचा अर्थ थेट मराठीत लावा.